१० व्या वर्षी पोल व्हॉल्ट (लांब काठीच्या आधाराने घ्यायची उंच उडी) सुरू करणं लवकर होतं का?

नाही, पण पहिल्या दिवसापासून उंच आडवी काठी ओलांडायची घाई नको. या वयात मुलं आखूड, न वाकणारा पोल घेऊन चार-सहा पावलांवरून वाळूच्या खड्ड्यात नुसती झुलतात, आणि तेवढं पुरतं. प्रशिक्षक चांगला आहे की नाही, हे इथेच कळतं: तो उंची मोजत बसत नाही, पाय बघतो. उडी घेताना पाऊल वरच्या हाताच्या बरोबर खाली पडलं पाहिजे आणि तो हात पूर्ण ताठ हवा. पाऊल पुढे पडलं की पोल खांद्याला हिसका देतो. ही सवय एकदा लागली की मोडताना नाकीनऊ येतात!

पोलवर वजनाची मर्यादा छापलेली असते, ती स्वतः वाचा. मुलाच्या वजनापेक्षा कमी मर्यादेचा पोल कोणी हातात देत असेल, तर सरळ दुसरा प्रशिक्षक शोधा.

स्वीडनचा पोल व्हॉल्टमधला विश्वविक्रमवीर डुप्लांटिस याने अगदी लहानपणी घरच्या अंगणात वडिलांकडून धडे घेतले, हे खरं. पण रशियाची पोल व्हॉल्टपटू इसिनबायेवा १५ वर्षांपर्यंत जिम्नॅस्टिक्सच करत होती, आणि २००४ मध्ये तिने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. त्यामुळे जवळपास नीट प्रशिक्षक नसेल, तर तोवर जिम्नॅस्टिक्स आणि धावणं चालू ठेवा.