बोटीचे जुने इंजिन: दुरुस्त करावे की बदलावे?

बोटीचे जुने डिझेल इंजिन दुरुस्त करावे की बदलावे, हे त्याच्या वयावरून नव्हे, तर तपासणीवरून ठरवावे. प्रथम प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत हवा दाबली गेल्यावर तयार होणारा दाब) मोजून घ्या. सर्व आकडे जवळपास सारखे आणि उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत असतील, तर इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग), पाण्याचा पंप किंवा हीट एक्स्चेंजर (इंजिनातले गरम पाणी समुद्राच्या पाण्याने थंड करणारा भाग) यांतील बिघाडासाठी संपूर्ण इंजिन काढून टाकणे मला मुळीच पटत नाही. काळ्या धुराचे कारण अनेकदा अपुरी हवा किंवा जादा भार एवढेच असते, अगदी प्रोपेलरवर साचलेले शेवाळ आणि शिंपलेसुद्धा. निळा धूर मात्र ऑइल जळत असल्याची खूण आहे. ऑइल दुधाळ दिसत असेल, तर त्यात पाणी शिरले आहे, आणि ते कुठून शिरले हे कळेपर्यंत इंजिन चालवू नये. थेट समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचा ब्लॉक आतून गंजून पातळ झाला असेल किंवा सुटे भाग मिळेनासे झाले असतील, तर बदलणेच योग्य. त्या वेळी इंजिनाच्या किमतीबरोबरच नवी माउंटिंग (इंजिन ज्यांवर बसते ते आधार), एक्झॉस्टमधील फेरबदल, प्रोपेलर फिरवणाऱ्या शाफ्टची जुळणी आणि कधीकधी नवा प्रोपेलर यांचा खर्चही अंदाजपत्रकात आधीच धरा.