एच-४ वर कम्युनिटी कॉलेज: राज्यशास्त्र आणि प्रोग्रामिंग एकाच वेळी झेपेल का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातून राज्यशास्त्रात बीए, गेल्या नोव्हेंबरात एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा) कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आलात, आणि येत्या सप्टेंबरपासून डी अँझा कॉलेजात अमेरिकन गव्हर्नमेंट आणि सुरुवातीचं प्रोग्रामिंग असे दोन कोर्स घ्यायचेत. पुढे धोरण आणि आकडेवारी यांची सांगड घालणारं मास्टर्स करायचंय. दोन्ही कोर्स एकत्र झेपतील का? झेपतील. पण सप्टेंबरात नको, जानेवारीत घ्या.

कारण फी. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) सेमिस्टर युनिटमागे, म्हणजे क्रेडिटमागे, ४६ डॉलर पडतात. डी अँझा आणि त्याचं भावंड कॉलेज फूटहिल क्वार्टर पद्धतीवर (सेमिस्टरहून छोट्या टर्म) चालतात, तिथे क्वार्टर युनिटला ३१ डॉलर. म्हणजे साडेचार युनिटचा प्रोग्रामिंगचा कोर्स १३९ डॉलर ५० सेंटला, वर किरकोळ शुल्क. रहिवासी नसाल तर याच कोर्सला कित्येक पट जास्त मोजावे लागतात. रहिवासी ठरायला टर्म सुरू होण्याआधी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिलेलं असावं लागतं, आणि इथेच राहायचा इरादा आहे हेही कागदांनी दाखवावं लागतं. एच-४ वाल्यांना ही सोय मिळते, एफ-१ वाल्यांना, म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांना, नाही. सप्टेंबरात तुमचं वर्ष भरत नाही, जानेवारीच्या विंटर क्वार्टरला भरतं.

यात अडतं ते कागदांपाशी. घराचा करार, विजेचं बिल, बँक खातं, सगळं नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असतं आणि बायकोच्या नावाचा कागद म्हणून फक्त पासपोर्ट निघतो. इराद्याचा पुरावासुद्धा वर्षभर मागचा लागतो, त्यामुळे आदल्या आठवड्यात काढलेलं ड्रायव्हिंग लायसन्स एकटं पुरत नाही. करारावर राहणारी व्यक्ती म्हणून तुमचं नाव आहे का ते आजच बघा. संयुक्त खातं आणि राज्याचं टॅक्स रिटर्न दोन्ही उपयोगी पडतात. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर फेडरल रिटर्नसोबत डब्ल्यू-७ फॉर्म भरून आयटीआयएन (करासाठीचा ओळख क्रमांक) मिळतो. शिकायला एच-४ वर वेगळी परवानगी लागत नाही आणि एफ-१ सारखी १२ युनिटची सक्तीही नाही. मात्र वर्क परमिट नसेल तर पगारी इंटर्नशिप किंवा कॅम्पसवरची नोकरी चालत नाही.

आता वेळेचा हिशेब. एका युनिटमागे आठवड्याला वर्ग आणि घरचा अभ्यास धरून साधारण तीन तास, असा इथला नियमच आहे. साडेचार युनिटचं प्रोग्रामिंग म्हणजे आठवड्याला तेरा-चौदा तास, आणि राज्यशास्त्र धरलं की पंचविशीच्या पुढे. क्वार्टर बारा आठवड्यांत आटोपतो, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली मिडटर्म येते. इतकी घाई नको असेल तर फ्रीमाँटचं ओलोनी किंवा सांता क्लाराचं मिशन कॉलेज बघा, तिथे सेमिस्टर आहे. तेच शिक्षण जास्त आठवड्यांत पसरतं. प्रोग्रामिंग पहिल्यांदाच शिकणाऱ्याला सेमिस्टर जास्त मानवतं, असं माझं ठाम मत आहे.

राज्यशास्त्राचं म्हणाल, तर पुण्याचं बीए तुमच्या मदतीला येईल तसंच आडवंही येईल. गव्हर्नर या शब्दापासूनच सुरुवात होते. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. इथला गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला असतो, कामाने तो मुख्यमंत्र्याच्या जवळचा. आपल्याकडे शेषाधिकार, म्हणजे कुठल्याच यादीत न आलेल्या विषयांचे अधिकार, केंद्राकडे (कलम २४८), इथे दहाव्या घटनादुरुस्तीने ते राज्यांकडे किंवा जनतेकडे. आपला केंद्रीय मंत्री संसदेचा सदस्य असावा किंवा सहा महिन्यांत व्हावा लागतो, इथे काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या, सदस्याला मंत्री व्हायचं तर आधी जागा सोडावी लागते. परीक्षेच्या घाईत हात सवयीने भारतीय उत्तर लिहून जातो, म्हणून पहिल्या आठवड्यातच अशा फरकांचं एक पान करून ठेवा.

खरे मार्क जातात ते निबंधात. 'गुणदोष सांगा', 'टीप लिहा' या वळणाचं लेखन इथे चालत नाही. समजा प्रश्न आहे: फेडरॅलिस्ट क्रमांक १० (राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेल्या लेखमालेतला दहावा लेख) मधला मॅडिसनचा युक्तिवाद आजच्या पक्षांना लागू पडतो का? आपली सवय अशी सुरुवात करते: 'जेम्स मॅडिसन हे अमेरिकन राज्यघटनेचे जनक मानले जातात. त्यांनी १७८७ साली...' याला काही मिळत नाही. पहिल्याच परिच्छेदात तुमचा दावा हवा: 'मोठ्या प्रजासत्ताकात एकच गट वरचढ होणं अवघड, हे मॅडिसनचं म्हणणं पक्षाच्या आतल्या गटांना आजही लागू पडतं, पण देशभर पसरलेल्या दोन संघटित पक्षांपुढे ते तोकडं पडतं.' मग मूळ मजकुरातली ओळ, आजचं उदाहरण, आणि विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा व त्याला उत्तर. गाईडमधून किंवा चॅटबॉटकडून परिच्छेद उचललात तर शून्य मिळतंच, शिवाय प्रकरण डीनपर्यंत जाऊ शकतं.

या कोर्समध्ये कॅलिफोर्नियाचं राजकारणही असतं, ते मनापासून वाचा. १९७८च्या प्रॉपोझिशन १३ ने (मतदारांनी थेट मतदानाने केलेल्या कायद्याने) मालमत्ता कराला १ टक्क्याची मर्यादा घातली, कम्युनिटी कॉलेजांचा स्थानिक पैसा आटला, आणि तोवर राज्यातल्या विद्यार्थ्यांना मोफत असलेल्या या शिक्षणाला १९८४ मध्ये युनिटमागे ५ डॉलर फी लागली. आजचे ४६ डॉलर त्याच वाटेने आलेत. निबंधाला याहून घरचा विषय मिळणार नाही. कोर्सचं नाव आता राज्यभरात एकच केलंय, पीओएलएस सी १०००. जुन्या याद्यांत तो वेगळ्या क्रमांकाने दिसला तर गोंधळू नका.

प्रोग्रामिंगचं दुखणं वेगळंच आहे. ते साचतं. राज्यशास्त्राचा एक धडा राहिला तर शनिवारी बसून भरून निघतो. इथे तिसऱ्या आठवड्यातलं लूप (तीच कृती पुन्हापुन्हा करवणं) कळलं नाही तर चौथ्यातलं फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा) आणि सहाव्यातला अ‍ॅरे (ओळीने घरांत मूल्यं ठेवणारी यादी) दोन्ही अडतात. असाइनमेंट पडते त्याच दिवशी उघडा, आणि दहा ओळी लिहिल्या की चालवून बघा. दीडशे ओळी एकदम लिहून रविवारी रात्री अकराला पहिल्यांदा कंपाइल केलं की चूक नेमकी कुठली हे शोधण्यातच रात्र जाते.

नेहमीची एक चूक बघा. पाच विषयांच्या मार्कांची बेरीज ४३२, सरासरी हवी ८६.४. सी++ मध्ये दोन्ही संख्या पूर्णांक असतील तर ४३२ भागिले ५ चं उत्तर ८६ येतं. निकाल डबल प्रकारच्या, म्हणजे दशांश संख्या ठेवणाऱ्या, व्हेरिएबलमध्ये ठेवला तरी ८६च, कारण भागाकार आधी होतो आणि ठेवणं नंतर. ५ ऐवजी ५.० लिहिलं की ८६.४ मिळतात. प्रोग्राम एरर देत नाही, मुकाट्याने चुकीचं उत्तर देतो, आणि आपोआप तपासणारी यंत्रणा शून्य टाकते. तसंच पाच घरांच्या अ‍ॅरेचं. घरं ० ते ४ अशी मोजतात. पाचवं म्हणून ५ क्रमांकाचं घर मागितलं तर जावा तिथेच थांबून एरर सांगते, सी++ मात्र बहुतेक वेळा शेजारचं काहीतरी उचलून पुढे जातं. म्हणून प्रत्येक प्रोग्राम चालवण्याआधी एका उदाहरणाचं उत्तर कागदावर काढून ठेवा.

भाषा कुठली निवडायची ते पुढच्या कामावर ठरवा आणि मग बदलू नका. लोक एक टर्म पायथन, एक जावा, एक सी++ असं करत बसतात, तिन्हींत सुरुवातच करतात आणि डेटा स्ट्रक्चर्सपर्यंत (माहिती नीट रचून ठेवायच्या पद्धती शिकवणारा पुढचा कोर्स) कधी पोचत नाहीत. कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्सला प्रवेश देताना विद्यापीठं तोच कोर्स बघतात. डी अँझात सी++ ची साखळी २२ए, २२बी, २२सी अशी आहे आणि आधीचा झाल्याशिवाय पुढचा मिळत नाही. तुमची दिशा धोरण आणि आकडेवारीची, त्यामुळे मी पायथन घ्या म्हणेन, आणि दुसऱ्या टर्मला स्टॅटिस्टिक्स. या दोन विषयांना जोडणारा खरा पूल तोच आहे, आणि त्याच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही.

ट्रान्सफर डिग्रीच्या (दोन वर्षं इथे करून पुढे विद्यापीठात जायच्या पदवीच्या) जाहिरातींनी भुलू नका. त्या पहिल्या पदवीसाठी आहेत. पदवीधराला दुसऱ्या बीएला घेताना सरकारी विद्यापीठं सहसा हात आखडता घेतात. तुम्हाला हवेत ते मास्टर्सचे पूर्वअट कोर्स, म्हणून ग्रेड अक्षरातच घ्या, पास-नोपास नको. तुमचं बीए तीन वर्षांचं असल्याने मनातल्या चार-पाच विद्यापीठांना ते चालतं का, हे पैसे भरायच्या आधी ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

नोंदणीत नव्या विद्यार्थ्याचा नंबर सहसा मागे लागतो, प्रोग्रामिंगचे वर्ग तोवर बऱ्याचदा भरलेले असतात. वेटलिस्टवर नाव टाका आणि पहिल्या तासाला हजर राहा. न आलेल्यांची नावं कापून प्राध्यापक अ‍ॅड कोड (वर्गात नाव नोंदवायचा क्रमांक) देतात. तो कोड ठरलेल्या तारखेच्या आत स्वतः भरावा लागतो. कोर्स झेपत नाही असं वाटलं तर पहिल्या दोन आठवड्यांच्या आत ड्रॉप करा, सहसा पैसेही परत मिळतात आणि नोंदही राहत नाही. नेमकी तारीख कॉलेजच्या कॅलेंडरवर बघा. त्यानंतर डब्ल्यू (कोर्स मध्येच सोडल्याची नोंद) लागतो, आणि एका कोर्सच्या तीन संधींपैकी एक त्यात संपते. वर्गाला जाणं बंद केलं म्हणजे नाव आपोआप निघतं असं समजू नका, एफ तसाच रेकॉर्डवर बसतो.