एफडी सेफ हाय, मग पैसा पुरंना का?

"मॅडम, एक रुपाया कुठं गेलेला नाही, सगळं एफडीत हाय, तरी महिनाअखेरीला ओढाताण हुतीयाच की." शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतनं रिटायर झालेले काका जरा चिडूनच बोलत होते. हा प्रश्न घेऊन माझ्याकडं बरेच जण येतात.

३० लाख, सगळे ७ टक्क्यांनी एफडीत, त्यातले काही पतसंस्थेत. महिन्याला साडेसतरा हजार व्याज आलं की घरात संपलं. ईपीएफचं पेन्शन तीन हजारांच्या आसपास, त्याला महागाई भत्ता नसतोय.

मी काकूंना जुनी हिशोबाची वही आणायला सांगितली. हळदीचे डाग पडलेली वही, २००६ चं पान, म्हशीचं दूध २० रुपये लिटर. आज सत्तरच्या वर. काका गप्पच झाले.

मग ७२ चा हिशोब मांडला. महागाई ६ टक्के धरली तर ७२ भागिले ६, म्हणजे १२ वर्षांत भाव दुप्पट, आणि तेच साडेसतरा हजार आजच्या पावणेनऊ हजारांएवढे. रिझर्व्ह बँकेचं टार्गेट पण ४ टक्के आहे, शून्य नाही, त्यामुळं भाव चढणारच हे धरूनच चालायचं. खरं दुखणं इथं आहे, ७ टक्क्यांतले सहा तर मुद्दलाची झीज भरायला लागतात आणि आपण ते व्याज समजून खातो.

पतसंस्थेतले पैसे आधी काढायला लावले, कारण बँकेसारखा ५ लाखांचा ठेव विमा तिथं नसतो (यावर काका भांडले, चेअरमन पाव्हण्यातले म्हणून!). १५ लाख सरकारच्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये ८.२ टक्क्यांनी, ८ लाखांची एफडी दोन बँकांत निम्मी निम्मी, आणि पैसा महागाईच्या पुढं वाढावा म्हणून ७ लाख टप्प्याटप्प्यानं इंडेक्स फंडात (निफ्टीसारख्या यादीतले शेअर घेणारा म्युच्युअल फंड), दहा वर्षं हात लावायचा नाही या बोलीवर. व्याज पंधरा हजारांच्या आत आलं, आजच अडीच हजार कमी. काकांना ते झेपेना, काकूंनी मात्र त्याच वहीत खर्च बसवून दाखवला.

परवा मार्केट पडल्यावर काकांचा फोन, "मॅडम, काढू का पैसे?" मी काही बोलायच्या आत मागनं काकू ओरडल्या, "दूध उतरलंय का इचारा आधी!"