इलेक्ट्रॉन गेला आणि बंध घट्ट झाला?

प्रश्न : ऑक्सिजनमधून एक इलेक्ट्रॉन काढला की बंध मजबूत होतो, नायट्रोजनमधून काढला की ढिला. असं उलटं का?
– अकरावी विज्ञानची विद्यार्थिनी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : इलेक्ट्रॉन रेणूतल्या कोणत्या घरातून, म्हणजे कक्षकातून, निघाला ते आधी बघा. बाह्य कवचाचेच मोजू. नायट्रोजनमध्ये बाँडिंगचे, म्हणजे बंध घट्ट करणारे 8; अँटीबाँडिंगचे, म्हणजे बंध सैल करणारे 2. फरकाचं निम्मं, म्हणजे बंधक्रम 3; तो जितका जास्त तितका बंध घट्ट. सर्वांत वरचा इलेक्ट्रॉन बाँडिंगमधला, म्हणून तो गेला की 2.5.

ऑक्सिजनमध्ये 8 आणि 4, बंधक्रम 2. इथं मात्र वरचे दोन पाय-स्टार (π*) कक्षकांमध्ये, म्हणजे अँटीबाँडिंगमध्ये बसलेत. तिथं दोन केंद्रकांच्या मधोमध इलेक्ट्रॉनची घनता शून्य होते, त्यामुळे केंद्रकं एकमेकांना ढकलतात. असा एक इलेक्ट्रॉन कमी झाला की बंधक्रम 2.5; बंधाची लांबी 121 पिकोमीटरवरून सुमारे 112 वर येते.

चूक होते ती कक्षकांच्या ऊर्जापातळ्यांच्या आकृतीत. ते दोन इलेक्ट्रॉन पोरं एकाच पाय-स्टारमध्ये कोंबतात. बंधक्रम तरीही 2 येतो, म्हणून चूक ध्यानातच येत नाही! पण मग ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो, तो जोडी नसलेल्या इलेक्ट्रॉनमुळेच, त्याचं काय? दोन सारख्या ऊर्जेच्या पाय-स्टारमध्ये एकेकच भरायचा, हुंडचा नियम. आणि आकृतीत सिग्मा 2पी (σ2p) हा बाँडिंग कक्षक नायट्रोजनपर्यंत बाँडिंग पायच्या (π) वर काढायचा, ऑक्सिजनपासून खाली.