टोमण्यांना उत्तर म्हणून इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का?

तुम्ही पाठवलेला हिशेब मी दोनदा तपासला. तुमची पेट्रोल गाडी सहा वर्षांची आहे, सुस्थितीत आहे आणि वर्षाला सुमारे ७,००० किलोमीटर धावते. तरीही ती विकून नवी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी, असे तुमच्या मनात आहे. जुन्या गाडीचे पैसे वजा जाता लागणारी रक्कम तुमच्या १४ महिन्यांच्या घरखर्चाइतकी भरते. त्यापैकी ५ महिन्यांची रक्कम आपत्कालीन निधीतून काढायची आणि उरलेल्या ९ महिन्यांच्या रकमेसाठी ९ टक्के दराने ७ वर्षांचे कर्ज घ्यायचे, असा बेत आहे. कारणे तुम्ही दोन दिली आहेत. ‘शून्य प्रदूषण, एका चार्जमध्ये ५०० किलोमीटर, इंधनाच्या बचतीतून गाडीची किंमत वसूल’ असे माहितीपत्रकात छापले आहे, हे एक. आणि तुम्ही वृक्षसंवर्धनाचे काम करत असल्यामुळे ‘झाडांवर व्याख्याने देतात आणि पेट्रोल जाळत येतात’ हा टोमणा तुम्हाला कार्यालयात ऐकावा लागतो, हे दुसरे.

या वर्षी ही गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बचतीचा दावा आधी पाहू, कारण पैशांचा हिशेब हेच माझे काम आहे. लिटरला १५ किलोमीटर धरले तर तुमची गाडी वर्षाला सुमारे ४६७ लिटर पेट्रोल घेते. तेवढ्याच अंतरासाठी मध्यम आकाराच्या इलेक्ट्रिक गाडीला, चार्जिंगमधील गळती धरून, साधारण १,२०० युनिट वीज लागेल. तुम्ही कळवलेल्या दरांनुसार पेट्रोलचा वार्षिक खर्च अर्ध्या महिन्याच्या घरखर्चाइतका होतो आणि विजेचा त्याच्या एक-तृतीयांश. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, म्हणून देखभालीतही थोडे वाचेल. सगळे मिळून वर्षाची बचत महिन्याच्या खर्चाच्या चार-दशांशाच्या वर जात नाही, आणि त्यातलाही काही भाग नव्या गाडीच्या वाढीव विमा हप्त्यात जाईल. याउलट कर्जाचे केवळ पहिल्या वर्षाचे व्याजच पाऊण महिन्याच्या खर्चाइतके आहे. म्हणजे बचतीतून किंमत वसूल होणे दूरच, पहिल्या वर्षी व्याजही निघत नाही. माहितीपत्रकातील आकडेमोड खोटी असेलच असे नाही. ती तुमच्या तिप्पट गाडी चालवणाऱ्या माणसासाठी केलेली असते, एवढेच. आपत्कालीन निधी मात्र सहा महिन्यांवरून एका महिन्यावर येईल, आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप त्यालाच आहे.

५०० किलोमीटरचा आकडा प्रमाणित चाचणीतला असतो. युरोपातील डब्ल्यूएलटीपी चाचणी प्रयोगशाळेत सुमारे २३ अंश तापमानाला होते. थंडीत, महामार्गावरील वेगात किंवा हीटर चालू असताना पल्ला घटतो. शिवाय प्रवासात जलद चार्जिंग बहुधा १० ते ८० टक्क्यांदरम्यानच केले जाते, त्यामुळे दोन थांब्यांमधले अंतर कागदावरही ३५० च्या आसपास राहते. थंडीत पल्ला किती घटतो हे ग्राहकांना नीट न सांगितल्याबद्दल दक्षिण कोरियाच्या स्पर्धा आयोगाने २०२३ मध्ये टेस्लाला दंड केला होता.

‘शून्य प्रदूषण’ हे सायलेन्सरपुरते खरे आहे, कारण इलेक्ट्रिक गाडीला तो नसतोच. बॅटरी बनवताना आणि वीज निर्माण करताना होणारे उत्सर्जन या शब्दांत झाकले जाते. म्हणूनच ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने २०२४ मध्ये बीएमडब्ल्यू आणि एमजी यांच्या अशा जाहिरातींना हरकत घेतली. संपूर्ण आयुष्याचा हिशेब केला तर इलेक्ट्रिक गाडी सामान्यतः पेट्रोल गाडीपेक्षा स्वच्छ ठरते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बॅटरीचे सुरुवातीचे ओझे किलोमीटर धावून फिटते, आणि वर्षाला ७,००० च्या गतीने ते फिटायला काही वर्षे जातात. तुमच्या आजच्या पेट्रोलमधून वर्षाला साधारण एक टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो; गाडी विकल्यावर दुसरा कोणी ती चालवेल, कदाचित तुमच्यापेक्षा जास्तच.

राहिला टोमणा. तो खर्चाच्या वहीत बसत नाही, पण खर्च करायला भाग पाडतो, म्हणून त्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. पर्यावरणवाद्यांविषयीचे ठराविक समज दोन्ही बाजूंनी सोयीने वापरले जातात. सीएनडब्ल्यू या अमेरिकी बाजार-संशोधन संस्थेच्या २००७ च्या पाहणीत प्रियस ही टोयोटाची पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड गाडी घेणाऱ्या निम्म्याहून अधिक ग्राहकांनी ‘ही गाडी माझ्याविषयी काही सांगते’ हे खरेदीचे प्रमुख कारण दिले होते, आणि ‘हे लोक मिरवण्यासाठी गाडी घेतात’ असे म्हणणाऱ्यांना आयता पुरावा मिळाला. त्याच संस्थेने वर्षभर आधी, आयुष्यभराच्या हिशेबात हमर ही अवाढव्य एसयूव्ही दर किलोमीटरमागे प्रियसपेक्षा कमी ऊर्जा खाते, असा निष्कर्ष काढला होता. त्यात प्रियसचे आयुष्य हमरच्या एक-तृतीयांशाहूनही कमी धरले होते, तरी टिंगल करणाऱ्यांनी तो वर्षानुवर्षे पुढे केला. उद्या तुम्ही नवी गाडी घेऊन कार्यालयात गेलात, तर ‘ढोंगी’ऐवजी ‘मिरवणाऱ्या’ हा शब्द तयार असेल. त्या शब्दासाठी सात वर्षे हप्ते भरावेत, असे मला वाटत नाही.

माझे उत्तर बदलेल अशा परिस्थितीही आहेत. तुमचे धावणे वर्षाला २०,००० किलोमीटरच्या पुढे गेले, घरी चार्जिंगची सोय झाली किंवा सध्याच्या गाडीला इंजिनचा मोठा खर्च निघाला, तर इलेक्ट्रिक गाडीचा विचार अवश्य करा. मात्र तेव्हाही दोन-तीन वर्षे वापरलेली गाडी आधी पाहा. २०२३ मध्ये नव्या गाड्यांच्या किमती उतरल्यावर वापरलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांचे भाव बरेच पडले, आणि पहिल्या मालकाने सोसलेली ती घट दुसऱ्याच्या पथ्यावर पडते. बॅटरीची हमी बहुधा ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची असते. ती दुसऱ्या मालकाकडे हस्तांतरित होते का आणि बॅटरीची उरलेली क्षमता किती आहे, हे लेखी घ्या.

तोवर, जो हप्ता तुम्ही भरणार होता त्याची निम्मी रक्कम दरमहा वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका आणि तिला गाडीचेच नाव द्या. तीन वर्षांनी तिच्यात पहिल्या भरण्याचा बराचसा भाग जमलेला असेल, आणि आपत्कालीन निधीला हात लागलेला नसेल. विक्रेत्याची सवलत या महिनाअखेरीस संपते आहे, असे तुम्ही लिहिले आहे. ती खुशाल संपू द्या.