सातेरीच्या पेटीची चौकट: माप कुठलं धरावं, आणि तार ओढावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जतला तुमचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. स्वतःसाठी आणि आटपाडीकडच्या डाळिंबवाल्यांसाठी मधपेट्या करायच्या आहेत. लँगस्ट्रॉथ पेटीचे, म्हणजे परदेशी मधमाशीसाठीच्या पेटीचे, नकाशे इंटरनेटवर मिळालेत, तर माश्या ज्यात पोळं बांधतात त्या चौकटी त्याच मापाच्या केल्या तर सातेरीला, म्हणजे आपल्या देशी मधमाशीला, चालतील का? आणि उन्हाळ्यात पोळी चौकटीतून सुटून पडतात, त्याला तार ओढणं हाच उपाय का?

मी जावळी तालुक्यात सातेरी पाळतो आणि चौकटी स्वतःच ठोकतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट आहे: ते माप सातेरीला घेऊ नका. दुसऱ्याचं उत्तर असं की तार ओढा, पण पोळी पडण्याचं कारण बहुतेक वेळा तारेच्या आधी दुसरीकडेच असतं.

मधपेटीत लाकडाच्या मापापेक्षा मोकळ्या जागेचं माप मोठं. 1851 साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ या मधपाळाच्या लक्षात आलं की चौकट आणि पेटीची भिंत यांच्यात माशीला जेमतेम ये-जा करता येईल एवढीच जागा ठेवली, तर माश्या ती मोकळी सोडतात. जागा त्याहून रुंद झाली की तिथे मेणाचं जोडपोळं बांधतात, अरुंद झाली की बुजवतात. पुढच्या वर्षी त्यानं पेटंट घेतलं आणि आजची सगळी हलत्या चौकटींची पेटी त्या एका फटीवर उभी आहे. पण ती फट त्याच्याकडच्या माशीची होती, मेलिफेरा या युरोपीय मधमाशीची. सातेरी अंगानं लहान. मेलिफेराला ही जागा साधारण 9 मिमी लागते, सातेरीला 7 ते 8 मिमी पुरते. एक-दोन मिमीचा फरक सुताराच्या नजरेत काहीच नाही, पण माशीसाठी तो रस्ता आणि भिंत यांतला फरक आहे.

दुसरं अंतर त्याहून महत्त्वाचं: एका पोळ्याच्या मधल्या पडद्यापासून (दोन्ही बाजूंची घरं ज्यावर उभी असतात तो) शेजारच्या पोळ्याच्या मधल्या पडद्यापर्यंत. मेलिफेराचं हे अंतर 35 मिमी धरतात. सातेरीचं 30 ते 32 मिमी. म्हणजे वरची पट्टी 22 मिमी रुंद घेतली आणि मध्यापासून मध्य 30 मिमी ठेवला, तर दोन पट्ट्यांमध्ये 8 मिमी उरतात, हिशेब जुळतो. तीच पट्टी 35 मिमीवर बसवली तर 13 मिमीची फट पडते. मग सातेरी मधल्या जागेत तिरकं पोळं घालते, दोन चौकटी एकमेकींना चिकटवते. तुम्ही एक उचलायला जाता आणि दुसरीचं पोळं फाटतं. त्याहून वाईट म्हणजे माश्यांचा घोळका विरळ पडतो. अंडी-अळ्यांच्या भागात वसाहत 34-35 अंश तापमान राखत असते. पोळी लांब लांब असली की ते राखायला जास्त माश्या अडकून पडतात, फुलावर जायला कमी उरतात.

आपल्या भागातली सातेरी नेमकं किती अंतर ठेवते हे तिलाच विचारता येतं. जुन्या ढोलीतली किंवा भिंतीतली वसाहत काढायला कुणी जात असेल तर पट्टी घेऊन सोबत जा. लागून असलेल्या पाच पोळ्यांचं पहिल्याच्या मध्यापासून पाचव्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि चारनं भागा. कडेची मधाची पोळी मोजू नका, ती जाड असतात आणि अंतर फसवं येतं. मधली, अळ्यांची पोळीच घ्या.

चौकटीच्या लांबी-उंचीत मात्र स्वतःची नवी कल्पना चालवू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. भारतीय मानकात सातेरीसाठी ए टाइप पेटी ठरलेली आहे. तिच्या पिल्लांच्या कोठीतल्या चौकटीची आतली जागा साधारण 21 बाय 14.5 सेमी येते. महाबळेश्वरला मध संचालनालय आहे. तिथल्या मापाची एक पेटी समोर ठेवून कॅलिपरनं प्रत्येक भाग मोजून घ्या आणि त्याचीच नक्कल करा. कारण चौकट ही एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जाणारी वस्तू आहे. अशक्त वसाहतीला दुसरीकडची पिल्लांची चौकट द्यावी लागते, राणी मेली तर अंड्यांची चौकट उसनी आणावी लागते. तुमच्या डाळिंबवाल्याची चौकट शेजारच्या मधपाळाच्या पेटीत तीन मिमीनं अडली, तर त्या दिवशी त्याची वसाहत वाचत नाही.

आता चौकटीच्या एकेका भागाकडे येतो. वरची पट्टी हा सगळा भार पेलणारा भाग. हिशेब करून बघा: 20 बाय 14 सेमीचं अडीच सेमी जाडीचं पोळं म्हणजे 700 घनसेंटीमीटर. मधाची घनता 1.4 च्या आसपास. पूर्ण मधानं भरलं तर एका छोट्या चौकटीला किलोभर वजन आलं. पट्टी पातळ असेल तर मध्यावर वाकते, आणि वाकली की खालची फट कमी, वरची जास्त, दोन्ही बिघडल्या. पट्टीच्या दोन टोकांचे कान पेटीच्या खाचेवर टेकतात. तिथे गाठ असलेलं किंवा तिरक्या रेषांचं लाकूड अजिबात वापरू नका, कान नेमका तिथेच मोडतो.

खिळ्यांबद्दल सांगायलाच हवं, कारण फर्निचरचा हात इथे फसतो. वरून उभा मारलेला खिळा चौकट उचलताना सरळ ओढला जातो आणि पहिल्या मधाच्या भारालाच सुटतो. वरून खिळे मारा, पण बाजूच्या पट्टीतून वरच्या पट्टीत एक आडवा खिळाही प्रत्येक टोकाला मारा. तो ओढीला आडवा येतो, सुटत नाही. सांध्यात पाण्याला टिकणारा फेविकॉल लावा. ठोकल्यावर दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर चौकट पेटीत तिरकी लटकेल. हातानं एकेक जुळवण्यापेक्षा आठ-दहा चौकटींच्या बाजूच्या पट्ट्या एकत्र धरणारा साचा करून घ्या, वर्कशॉप असल्यानं तुम्हाला ते अवघड नाही.

बाजूच्या पट्ट्या वरच्या भागात रुंद आणि खाली अरुंद ठेवायच्या. रुंद खांदे एकमेकांना टेकले की अंतर आपोआप जमतं. इथे लाकडाचा एक गुण ध्यानात ठेवा. लाकूड लांबीत जवळपास आक्रसत नाही, रुंदीत आक्रसतं, आणि चौकटींमधलं अंतर ठरतं ते याच पट्टीच्या रुंदीवर. आमच्या वरच्या अंगाला, महाबळेश्वरला, पावसाळ्यात 5000 मिमीहून जास्त पाऊस पडतो. तुमचा जत पर्जन्यछायेत. आमच्याकडच्या दमट हवेत कापलेली 30 मिमीची पट्टी तुमच्याकडच्या चैत्रात अर्धा मिमी जरी आत गेली, तरी आठ चौकटींत 4 मिमी उरतात आणि ते सगळे कडेच्या फटीत जमा होतात. म्हणून लाकूड चांगलं वाळलेलं हवं, आणि शक्य तर तुमच्याच हवेत काही महिने पडलेलं. सागाचे उरलेले तुकडे उत्तम. वॉर्निश, रंग, वाळवीचं औषध यातलं काहीही चौकटीला लावू नका. पेटीच्या बाहेरच्या बाजूला काय ते लावा.

आणखी एक गोष्ट. मेलिफेरा झाडांचा चिकट डिंक आणून सगळे सांधे चिकटवते, सातेरी तो आणत नाही. त्यामुळे मेलिफेराच्या चौकटी पेटीत आपोआप घट्ट बसतात आणि सातेरीच्या सुट्याच राहतात. तुम्ही जीपमध्ये घालून आटपाडीला पेट्या न्याल तेव्हा त्या एकमेकींवर आपटतील, मधे राणी चिरडू शकते. प्रवासापुरती कडेला एक लाकडी पाचर सरकवा आणि पोचल्यावर काढा.

आता तार. तार कशासाठी हे आधी ठरवा: प्रवासातले धक्के, उन्हानं मऊ पडलेलं मेण, आणि मध काढायच्या यंत्रात गरगर फिरणं. पेटी एकाच जागी सावलीत राहणार असेल तर सातेरीच्या लहान चौकटीला तार नसली तरी पोळं टिकतं, कारण माश्या ते वर आणि दोन्ही बाजूंना जोडतात. तुमचं तसं नाही, तुमच्या पेट्या फिरणार आहेत आणि ऊन जतचं आहे. तेव्हा बाजूच्या पट्ट्यांना भोकं पाडून दोन आडव्या तारा ओढा, स्टेनलेस स्टीलच्या, अर्धा मिमीच्या आतबाहेर. भोकात पितळी आयलेट (बारीक कडी) घाला, नाहीतर ताण दिल्यावर तार लाकडात रुतते आणि सैल होते. ताण एवढा हवा की बोटानं छेडल्यावर तुणतुण्यासारखा नाद यावा, पण बाजूच्या पट्ट्या आत वाकू नयेत.

मेणपत्रा, म्हणजे घरांचा छाप उठवलेला मेणाचा पातळ पत्रा, तारेत बसवताना बारा व्होल्टच्या बॅटरीची दोन टोकं तारेच्या दोन टोकांना क्षणभर लावतात. तार तापून मेणात उतरते. जास्त वेळ धरलंत तर पत्रा कापला जाईल. पत्र्याची वरची कड पट्टीखालच्या खाचेत घालून वितळलेलं मेण ओता. खाच पूर्ण भरली पाहिजे, रिकामी राहिलेली रेघ म्हणजे मेणकिड्याच्या अळीला आयतं घर. खाली पाच-सहा मिमी आणि बाजूंना थोडी जागा सोडा, कारण उबेनं पत्रा वाढतो आणि अडकला तर फुगून वाकडा होतो. पत्र्यावरच्या षट्कोनाच्या दोन भिंती उभ्या येतील असाच तो लावायचा, माश्या स्वतःही बहुतेक तसंच बांधतात. आणि पत्रा सातेरीचाच मागून घ्या. मेलिफेराच्या कामकरी माशीचं घर 5.4 मिमीच्या आसपास असतं, सातेरीचं 5 मिमीच्या आत. मोठ्या छापाचा पत्रा दिलात तर सातेरी एकतर ते कुरतडून वेडंवाकडं बांधेल किंवा त्यात नर वाढवेल.

पोळी पडण्याकडे वळतो. मेण वितळतं 62 ते 65 अंशांना, पण 40 च्या पुढे ते मऊ पडायला लागतं. नवं पांढरं पोळं सगळ्यात नाजूक. ज्यात पिल्लांच्या काही पिढ्या निघाल्या ते तपकिरी पोळं मजबूत असतं, कारण प्रत्येक पिढीच्या कोशाचं अस्तर आत राहतं. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत नव्या पोळ्यांच्या पेट्या उघड्या रानात ठेवू नका. चिंचेखाली, आंब्याखाली ठेवा, जवळ पाण्याची सोय करा. माश्या पाणी आणून पंखांच्या वाऱ्यानं पेटी थंड करतात. पाणी लांब असेल तर तेही जमत नाही. वसाहत लहान असेल तर माश्यांनी झाकली जाणार नाहीत इतक्या चौकटी आत ठेवू नका. आणि बघताना चौकट कधीही आडवी, ताटासारखी धरू नका. उभीच ठेवून टोकावर फिरवा. बरीचशी पोळी उन्हानं नव्हे, अशी हातात तुटतात.

ढोलीतून आणलेली वसाहत पेटीत बसवताना तारेचा उपयोग नाही. तिथे मधाचा भाग कापून बाजूला काढा, अंडी-अळ्यांचा भाग चौकटीच्या मापात कापा, वरची बाजू वरच राहील असा पट्टीला भिडवा आणि केळीच्या सोपाच्या ओल्या पट्ट्यांनी किंवा सुती दोऱ्यानं बांधा. काही दिवसांत माश्या मेणानं जोड घेतात आणि दोरा स्वतःच कुरतडून बाहेर टाकू लागतात.

मध काढताना यंत्राच्या जाळीत चौकट ठेवली की एका बाजूचा मध आधी अर्धाच, हळू फिरवून काढा. मग चौकट उलटून दुसरी बाजू पूर्ण, आणि पुन्हा उलटून पहिली बाजू संपवा. एकदम जोरात फिरवलं तर आतल्या बाजूच्या मधाचं वजन पोळ्याला जाळीवर दाबून फोडतं, मग दोन तारा असोत की चार.

डाळिंबवाल्यांपैकी कुणाला मेलिफेराच हवी असेल, सूर्यफुलावर पेट्या हलवायची तयारी असेल, तर त्यांच्यासाठी लँगस्ट्रॉथचे नकाशे बरोबर आहेत. 35 मिमीवर, चार तारा ओढून करा. दोन्ही मापांची कापलेली लाकडं मात्र वर्कशॉपमध्ये वेगळ्या खणांत ठेवा.

एकदम शंभर चौकटी कापू नका. आधी एका पेटीपुरत्या करा आणि जांभूळ फुलायच्या सुमारास ओळखीच्या मधपाळाच्या भरलेल्या वसाहतीत द्या, कारण मेण बांधायचा जोर तेव्हा असतो. तीन आठवड्यांनी उघडा. वरच्या पट्टीवर मेणाचे कंगोरे दिसले तर झाकणाखालची जागा जास्त झाली. बाजूची पट्टी भिंतीला मेणानं जोडलेली असेल तर चौकट लांबीला कमी पडली. खालच्या पट्टीखाली पोळं लोंबत असेल तर तळाशी फट मोठी आहे. दोन चौकटींमध्ये पूल बांधला असेल तर खांद्याची रुंदी अर्धा मिमी कमी करून पुन्हा द्या.