वाचकांचे प्रश्न : दुरुस्तीच्या कामाची परीक्षा

प्रश्न : शिवणवर्गाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम मी पूर्ण केला असून ब्लाउज, परकर व पंजाबी ड्रेस मला शिवता येतात. आमच्या भागातील एका दुकानात अल्टरेशनच्या कामाबद्दल विचारले असता, ‘तुम्ही केलेली दुरुस्ती घेऊन या, मग पाहू,’ असे उत्तर मिळाले. नमुने म्हणून काय न्यावे?
– एक वाचक, मिरज

उत्तर : शिवणवर्गाची नमुन्यांची वही घरीच ठेवावी. कोऱ्या कापडावर सरळ टीप मारता येते, एवढेच तिच्यातून कळते. दुरुस्तीला येणारा कपडा मात्र धुऊन धुऊन विरलेला, ताणलेला आणि दुसऱ्याच कुणाच्या हातचा असतो. म्हणून घरातलेच वापरातले कपडे घ्यावेत. सैल केलेला ब्लाउज, आखूड केलेली जीन्स, फॉल लावलेली साडी आणि बटणे बदललेला शर्ट एवढे पुरे.

यांपैकी ब्लाउजवर अधिक मेहनत घ्यावी, कारण अनुभवी कारागीर तो हातात घेताच प्रथम उलटा करून पाहील. कुशीच्या शिवणीत माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेले जादा कापड, किती आहे हे मोजल्याशिवाय कामाला हात लावू नये. दोन्ही कुशींना पुढच्या आणि मागच्या भागाची पाव-पाव इंच माया सोडली, तर घेर एकूण १ इंचाने वाढतो. कूस आणि बाही एकाच शिवणीत जोडलेली असल्यास नवी टीप बाहीच्या काठापर्यंत सलग न्यावी, नाहीतर काखेत चुणी पडते. नवी टीप आधी मारून जुनी नंतर उसवावी, म्हणजे कापड जागचे हलत नाही. रेशमी कापडावर जुन्या टिपेची भोके दिसत राहतात. हे गिऱ्हाइकाला आधी सांगणे हाही कौशल्याचाच भाग आहे, असे मी मानते.

जीन्स धुऊन, वाळवून मगच कापावी आणि १६ नंबरची सुई वापरावी. दुमडीत कडेची जाड शिवण येते तिथे मशीन अडते, तेव्हा ती जागा हातोडीने हलके ठोकून घ्यावी. सुती फॉल आधी भिजवून इस्त्री केलेला असावा, अन्यथा पहिल्याच धुण्यात तो आटून साडीचा काठ गोळा होतो. तुरपाईच्या टाक्यात साडीचे एक-दोनच धागे घ्यावेत, म्हणजे सुलट बाजूस टाका जाणवत नाही. बटण लावताना त्याच्यावर आगकाडी आडवी धरून तिच्यावरून टाके घालावेत, ती काढून बटण वर ओढावे आणि त्याखाली दोऱ्याचे तीन-चार वेढे द्यावेत. काजाच्या पट्टीला तेवढी जागा लागते.

दुकानात समोरच काही करायला दिले, तर ते बहुधा उसवण्याचे काम असेल, आणि नवखा माणूस दोन कापडे ओढून तिथेच कपडा फाडतो. एका बाजूचा दर चौथा-पाचवा टाका ब्लेडच्या टोकाने कापावा आणि कपडा उलटून दुसऱ्या बाजूचा दोरा ओढावा. तो सलग निघून येतो.